श्वानगृहाची फरशी : एका दुर्लक्षित बांधकामाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका मध्यम आकाराच्या शहरात तपासणीच्या निमित्ताने जाणे झाले, तेव्हा तेथील नगरपालिकेने नव्याने बांधलेले श्वानगृह पाहण्याचा योग आला. प्रवेशद्वारी संगमरवरी कोनशिला होती. आत समोरासमोर कोठड्यांच्या दोन रांगा होत्या आणि प्रत्येक कोठडीपुढे जाळीने बंदिस्त केलेले लहानसे अंगण होते. इंग्रजीत अशा अंगणाला 'रन' म्हणतात. कुत्र्याला चार पावले चालता यावे, ऊन-वारा मिळावा आणि झोपण्याच्या जागेपासून दूर घाण करता यावी, हा त्याचा हेतू. आम्ही गेलो तेव्हा सकाळची सफाई चालू होती. एक वयस्क कर्मचारी खराट्याने अंगणातील पाणी पुढच्या नालीकडे लोटत होता आणि पाणी पुन्हा मागे, कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेकडे, परतत होते. फरशीचा उतार उलटा पडला होता.

मी त्याला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, इमारत झाल्यापासून रोज दोन वेळा हे पाणी मीच चढवतो."

नंतर धारिका मागवून पाहिली. तीत काहीही कमी नव्हते. निविदा नियमानुसार होती, सर्वांत कमी दराचा ठेकेदार निवडला गेला होता, मोजमाप पुस्तकात प्रत्येक चौरस मीटरची नोंद होती आणि काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचा दाखलाही होता. फक्त एक गोष्ट कोणीच केली नव्हती. फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते कोठे जाते हे पाहिले नव्हते.

भारतातील राज्यसंस्था आणि रस्त्यावरचे कुत्रे यांच्या संबंधांचा इतिहास बहुधा दोन शब्दांत सांगितला जातो : मारणे आणि वाचवणे. मारू पाहणारे प्रशासन आणि वाचवू पाहणारे दयाळू नागरिक यांच्यातील संघर्ष म्हणून तो लिहिला गेला आहे. परंतु मारायचे असो वा वाचवायचे, पकडलेले कुत्रे मधल्या काळात कोठेतरी ठेवावेच लागते. त्या 'कोठेतरी'चा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. माझ्या मते या प्रश्नातील आपल्या प्रशासनाच्या अपयशाचा मोठा भाग तेथेच, त्या जागेच्या फरशीवर, सापडतो.

मराठी माणसाला कुत्र्याच्या थोरवीचे वावडे नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या 'खंड्या' नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला आणि त्यास पालखीचा मान मिळाला, असे परंपरा सांगते. पालखी स्मरणात राहते, दगडी समाधी टिकते; खंड्याची जागा रोज कोण झाडत असे हे मात्र परंपरेला ठाऊक नाही. पुढील साऱ्या इतिहासाचे हेच लक्षण आहे.

ब्रिटिश अमदानीतील पहिला मोठा प्रसंग मुंबईचाच. भटकी कुत्री मारण्याचे हुकूम कंपनी सरकारने काढले होते आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. इनामाच्या लोभाने पाळीव कुत्रीही ओढून नेली जात. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' हा त्यांचा अंत्यविधीतील संस्कार प्रसिद्धच आहे. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या सणाच्या दिवशी, शिपाई कुत्री मारीत असता जमाव त्यांच्या अंगावर गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले आणि सैन्याची रसद अडवली गेली. सरकारने लष्कराच्या बळावर बंड मोडले, धरपकड केली. परंतु त्यानंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत अशी नरमाईची भूमिका घेतली.

या घटनेची प्रशासकीय बाजू पाहण्याजोगी आहे. सरकारने कुत्र्यामागे आठ आणे मोजले होते ते कुत्रे नाहीसे करण्यासाठी. त्यास ठेवण्यासाठी एक पैचीही तरतूद नव्हती. नाहीसे करणे हा एकदाच करायचा खर्च आहे, ठेवणे हा रोजचा खर्च आहे. दंगलीनंतर हुकूम सौम्य झाला तरी हिशेब तोच राहिला : कुत्रे शहराच्या हद्दीबाहेर सोडले की सरकारच्या पुस्तकातून नाव कमी.

ठेवण्याचा भार समाजाने उचलला. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. भुलेश्वरजवळच्या त्या परिसराला आजही पांजरपोळ म्हणतात आणि चेंबूरच्या बाजूलाही हे नाव टिकून आहे. पांजरपोळीची कल्पना मूळची गुजरातची, जैन आणि वैष्णव दानधर्मातून आलेली. तिचे अर्थशास्त्र मला नेहमीच विचारात घेण्यासारखे वाटते. एकदाच्या देणगीवर ती उभी नव्हती. व्यापाऱ्यांनी आपल्या व्यवहारावर स्वेच्छेने बसवून घेतलेली लागत हा अशा संस्थांचा नेहमीचा आधार असे. दयेचा खर्च रोजचा आहे, म्हणून त्यासाठी उत्पन्नही रोजचे हवे, हे त्या सावकारांना कळले होते.

पुढे ब्रिटिश राज्याने जनावरे ठेवण्याची स्वतःची एक संस्था उभी केली, ती म्हणजे कोंडवाडा. १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा हा तिचा आधार. आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांना कोंडवाडा नव्याने सांगायला नको. शेतात शिरलेले गुरू कोंडवाड्यात घालायचे, मालकाने दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवून न्यायचे, आणि ठरावीक मुदतीत कोणी आले नाही तर जनावराचा लिलाव करायचा. या व्यवस्थेची गोम अशी की ती स्वतःचा खर्च स्वतः भागवते. गाय-म्हशीला किंमत असते आणि मालक असतो. त्यामुळे मातीच्या जमिनीवर चार भिंती उभारल्या तरी कोंडवाडा चालतो, कारण जनावर तेथे चार दिवसांपेक्षा अधिक राहत नाही.

नगरपालिकांनी कुत्र्यांसाठी जागा बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर हाच नमुना होता. चार भिंती, एक फाटक, मातीची किंवा ओबडधोबड दगडाची जमीन. परंतु भटक्या कुत्र्याला मालक नाही, त्याचा लिलाव होत नाही, दंड भरायला कोणी येत नाही. कोंडवाड्याची इमारत घेतली, पण तिचे उत्पन्न घेता आले नाही. परिणामी कुत्र्यांचा कोंडवाडा ही मरणापूर्वीची प्रतीक्षागृहे ठरली. जेथे कुत्रे दोन-तीन दिवसांतच मारायचे आहे तेथे फरशीचा उतार कोण पाहणार?

गंमत अशी की त्याच इंग्रजांना श्वानगृह कसे बांधावे याचे उत्तम ज्ञान होते. शिकारी कुत्र्यांचे कळप बाळगणे हा त्यांच्या जमीनदारवर्गाचा छंद होता आणि त्यावर त्यांच्याकडे एक स्वतंत्र वाङ्मयच होते. पीटर बेकफर्डचा १७८१ मध्ये प्रसिद्ध झालेला शिकारीवरील पत्ररूप ग्रंथ हा त्यातील नामांकित. त्यात श्वानगृहाविषयी एक अत्यंत व्यवहारी सूचना आहे : कळपासाठी एक नव्हे, दोन खोल्या असाव्यात. एकच खोली असेल तर ती कधी निर्मळ राहत नाही, आणि धुतलीच तर फरशी वाळेपर्यंत कुत्र्यांना ओलीत उभे राहावे लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कळपांत 'केनेल लेमनेस' या नावाने ओळखला जाणारा पायांचा विकार मोठ्या चर्चेचा विषय होता आणि त्याचा दोष दमट श्वानगृहांना दिला जाई. ओल हा श्वानगृहाचा शत्रू आहे हे त्या लोकांनी महागड्या कुत्र्यांच्या मोबदल्यात शिकून घेतले होते.

कोठडी आणि तिला जोडलेले अंगण ही आजची रचना म्हणजे बेकफर्डच्या दोन खोल्यांचेच लहान रूप आहे. मधली झडप वर ओढून कुत्रे अंगणात घ्यावे, झडप पाडून कोठडी धुवावी आणि वाळू द्यावी. नंतर कुत्रे आत घेऊन अंगण धुवावे. कुत्र्याला हात लावावा लागत नाही, चावा बसण्याचा धोका नाही, आणि कुत्रे ओल्यात उभे राहत नाही. नीलगिरीत उटकमंडच्या थंड हवेत इंग्रज अधिकाऱ्यांनी शिकारी कुत्र्यांचे कळप पाळले तेव्हा हे ज्ञान त्यांच्यासोबत आले. परंतु ते टेकडीवरच राहिले. शिकारखान्याचे बांधकाम आणि नगरपालिकेचे बांधकाम हे दोन वेगळ्या जगांचे विषय होते.

दरम्यान शास्त्राने प्रश्नाचे स्वरूप पालटले. १८८५ मध्ये पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस वापरली. १९०० मध्ये कसौली येथे आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे भारतातील पाश्चर संस्था उभ्या राहिल्या. कसौलीतच डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची पद्धत बसवली. पोटात अनेक इंजेक्शने घेण्याची ती आठवण आपल्या पिढीतील अनेकांना असेल. मज्जातंतूंपासून बनवलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. चावलेल्या माणसासाठी एवढे घडत असता चावणाऱ्या कुत्र्याच्या कोंडवाड्यात मात्र फारसा बदल झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन धारा वेगळ्या झालेल्या दिसतात. एक धारा सरकारच्या स्वतःच्या कुत्र्यांची. १९६० मध्ये मेरठला लष्कराचे श्वानप्रशिक्षण सुरू झाले, १९७० मध्ये ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वानप्रशिक्षण केंद्र निघाले. येथे कुत्रे नोंदवहीवर असते, त्याचा शिधा ठरलेला असतो, त्याच्यामागे नेमून दिलेला जवान असतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली मुधोळ जातीची कुत्रीही २०१६ पासून मेरठला प्रशिक्षणासाठी घेतली गेली. अशा ठिकाणी कोठडी स्वच्छ असते, कारण त्या कुत्र्याच्या कामगिरीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात आणि एका विशिष्ट माणसाला त्याबद्दल जाब द्यावा लागतो.

दुसरी धारा बेवारशांची. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला आणि १९६२ मध्ये पशुकल्याण मंडळ स्थापन झाले. पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने भटकी कुत्री प्राणघातक कोठडीत नष्ट करण्यास मुभा ठेवली. १९६४ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या ब्लू क्रॉसने कुत्री मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण करावे हा विचार मांडला. महापालिकेची पकडून मारण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालू होती, आणि एवढी वर्षे मारूनही रस्त्यावरची कुत्री संपली नव्हती, हा त्यांचा साधा आणि बिनतोड युक्तिवाद होता. तो महापालिकेला पटायला १९९६ साल उजाडले. पुढे डिसेंबर २००१ मध्ये केंद्राने प्राणी जन्मनियंत्रण नियम केले : पकडा, शस्त्रक्रिया करा, लस द्या, बरे झाले की जेथून आणले तेथेच सोडा. मार्च २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या बदलाचा अर्थ असा दिसतो की श्वानगृह साठ्याचे न राहता प्रवाहाचे झाले. समजा, शंभर कोठड्या आहेत आणि प्रत्येक कुत्रे सरासरी पाच दिवस राहते. म्हणजे रोज वीस कुत्री आत येतात आणि वीस बाहेर जातात. वर्षाला सात हजार तीनशे. हीच शंभर कोठड्यांची इमारत कायमच्या निवाऱ्यासाठी वापरली तर पहिल्याच आठवड्यात भरते आणि पुढे कित्येक वर्षे एकही नवे कुत्रे घेऊ शकत नाही. इमारत तीच, पण उपयोग बदलला की तिची शक्ती शेकडो पटींनी बदलते.

मात्र प्रवाहाच्या श्वानगृहाला एक अट असते. रोज नव्या वस्तीतून नवे कुत्रे येणार, तेही शस्त्रक्रियेच्या ताज्या जखमेसह, त्याच फरशीवर. आणि येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. ज्या रोगाच्या भयाने आपण कुत्री पकडतो तो रेबीज फरशीवरून पसरत नाही. त्याचा विषाणू ऊन आणि कोरडेपणा यांपुढे लवकर नष्ट होतो. श्वानगृहात कुत्री मरतात ती दुसऱ्याच रोगांनी. त्यांत अग्रणी पार्व्हो. हा रोग जगात १९७८ च्या सुमारास पसरला. त्याचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडून भेगांत आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनाइलच्या वासाने पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान होते, त्या विषाणूचे फारसे बिघडत नाही. ब्लीचचे द्रावण त्याला मारते, पण फरशीवर विष्ठा आणि मळ असेल तर ब्लीचची शक्ती त्यातच खर्च होते. म्हणून आधी खरवडणे, मग साबणाने धुणे, मग ब्लीच, त्यास दहा मिनिटे थांबू देणे, पुन्हा पाणी, आणि शेवटी वाळवणे हा क्रम चुकवता येत नाही. मातीच्या अंगणात अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात, साचलेल्या ओलीत लेप्टोस्पायरा टिकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना लेप्टोचे नाव चांगलेच परिचित झाले आहे.

या एका परिच्छेदातील शास्त्रावरून बांधकामाचे जवळजवळ सर्व नियम निघतात. जमीन मातीची नको, काँक्रीटची हवी, भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच. शहाबादी किंवा कोटा फरशी देखणी दिसते, पण तिच्या सांध्यांत मूत्र मुरते. त्याऐवजी सांधे नसलेला, नीट घोटलेला कोबा बरा. फार गुळगुळीत केला तर ओल्यात कुत्र्याचे पाय घसरतात, फार खरबरीत ठेवला तर खराटा फिरत नाही. मधला हात साधावा लागतो. मूत्राने सिमेंट कालांतराने खाल्ले जाते, म्हणून वर मूत्र न शोषणारा लेप द्यावा आणि तो ठरावीक काळाने पुन्हा द्यावा. भिंत आणि जमीन जेथे मिळतात तेथे काटकोन ठेवू नये, गोलाई द्यावी, म्हणजे कोपऱ्यात घाण बसत नाही.

उतार चाळीसास एक. तीन मीटर लांबीच्या अंगणाला साडेसात सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम तीन इंच. नाली अंगणाबाहेर, फाटकाच्या पलीकडे, झाकणाची आणि केस अडवणाऱ्या जाळीसह. कुत्र्यांचे केस नालीत गेले की आठवड्याभरात ती तुंबते. प्रत्येक अंगणाचे पाणी सरळ नालीत जावे, शेजारच्या अंगणातून वाहत जाऊ नये. अन्यथा एका कुत्र्याचा रोग ओळीने साऱ्यांच्या दारी पोहोचतो. दोन अंगणांमधील भिंत चार फुटांपर्यंत भरीव असावी, म्हणजे नाकाला नाक लागत नाही आणि भांडणही कमी होते. त्यावर जस्ताचा जाड मुलामा दिलेली जाळी. ब्लीचमुळे तो मुलामाही झिजतो, म्हणून जाळीवर शेवटचे पाणी मारणे विसरू नये. अर्ध्या अंगणावर छप्पर, अर्ध्यावर ऊन. छपराने कुत्रे वाचते आणि उन्हाने फरशी वाळते. झोपण्यासाठी जमिनीपासून वर उचललेली, काढून धुता येईल अशी फळी. सफाईचा क्रम पिल्लांपासून सुरू होऊन आजारी कुत्र्यांपाशी संपावा, आणि आजाऱ्यांचा खराटा व बादली वेगळी असावी.

यात महागडे असे काहीच नाही. उलट उतार हा बांधकामातील असा घटक आहे की वेळीच दिला तर जवळजवळ फुकट मिळतो. न दिल्याची किंमत मात्र मोजून पाहावी. शंभर अंगणे आहेत, उतार चुकल्यामुळे प्रत्येकामागे पाच मिनिटे जास्त लागतात आणि सफाई दिवसातून दोनदा होते असे धरू. हजार मिनिटे होतात, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक. दोन माणसांचा पूर्ण दिवस, रोज, इमारत उभी असेपर्यंत. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण ती दोन माणसे कधीच नेमली जात नाहीत. असलेल्याच माणसाच्या कंबरेतून तो वसूल होतो, आणि तेथे न भागल्यास फरशी अस्वच्छ राहून कुत्र्यांच्या प्राणांतून. इमारत भांडवली खर्चातून होते, सफाई महसुली खर्चातून. पहिल्याची कोनशिला बसते, दुसऱ्याची बसत नाही. आपल्या सार्वजनिक बांधकामांच्या दुरवस्थेचे मूळ मला बहुतेक वेळा या दोन लेखाशीर्षांच्या मधल्या फटीत सापडले आहे.

२०२५ मध्ये हा विषय अचानक देशापुढे आला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख नोंदली गेली होती, आणि २०२४ या एका वर्षात चाव्याच्या ३७ लाखांवर घटनांची नोंद झाल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले होते. चाव्याला बळी पडणाऱ्यांत गरिबांची मुलेही असतात, हे प्राणिप्रेमी मंडळींनी विसरू नये. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत आणि प्रारंभी सहा ते आठ आठवड्यांत सुमारे पाच हजार कुत्र्यांची सोय करावी असे सांगितले. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्यीय पीठाने त्यात बदल करून, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर पुन्हा जागेवर सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवावीत, ती तेथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला.

न्यायनिर्णयांच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. मी केवळ फरशी मोजतो. पाच हजार कुत्र्यांना प्रत्येकी चार चौरस मीटर दिले तर वीस हजार चौरस मीटर होतात, म्हणजे जवळपास पाच एकर. पाच एकर फरशी, दिवसातून दोनदा, आधी खरवडून, मग साबणाने, मग ब्लीचने, आणि मग वाळवून. बाराही महिने, दिवाळीच्या दिवशीही. हे अशक्य नाही. पण हे आठ आठवड्यांचे काम नव्हे. प्रत्येक कुत्र्याच्या उर्वरित आयुष्याचे काम आहे, आणि ते कोण करणार याचे उत्तर इमारतीच्या आराखड्याआधी लिहिले गेले पाहिजे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कुत्री उचलायची असतील तर ती जेथे जाणार तेथे मरू नयेत, एवढी जबाबदारी उचलणाऱ्यावर येतेच. अन्यथा आपण १८३२ च्या आठ आण्यांपाशीच परत पोहोचू, फक्त मधे एक इमारत असेल.

दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत राहणारे आपले अनेक मराठी बांधव निवासी संघांत, प्राणिमित्र संस्थांत किंवा शासकीय सेवेत या प्रश्नाला तोंड देत असतात. त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून एक लहानशी सूचना करतो. निवारा बांधून झाला की दाखल्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येक अंगणाच्या मागच्या टोकाला एक बादली पाणी ओतावे आणि दहा मिनिटे तेथेच थांबावे. पाणी आपोआप नालीत गेले आणि मागे डबके राहिले नाही, तर सही करावी. न गेल्यास ठेकेदाराला फरशी उखडायला लावावी. त्याचा त्या दिवशीचा राग पुढच्या वीस वर्षांच्या खर्चापेक्षा स्वस्त आहे. आणि ही परीक्षा घेताना तेथे रोज झाडणाऱ्या माणसाला सोबत उभे करावे. उतार कोणत्या बाजूला हवा हे त्याला नकाशा न पाहताही सांगता येते.

त्या उत्तरेकडील शहरात मी अहवालात फरशीबद्दल तीन ओळी लिहिल्या. दीड वर्षाने पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा एका रांगेची फरशी नव्याने घातलेली दिसली. दुसऱ्या रांगेसाठी निधीची प्रतीक्षा होती. तो कर्मचारी निवृत्त झाला होता. नव्या रांगेत सकाळी नऊ वाजताच फरशी वाळलेली होती आणि कुत्री उन्हात पसरून झोपली होती. जुन्या रांगेत एक तरुण मुलगा खराट्याने पाणी चढवीत होता.